शेलूबाजारातले दोन मारवाड

कारंज्याला छोट्या गाडीतून उतरले तेव्हा डोळ्यांत, कानांत आणि फराळाच्या डब्यातसुद्धा कोळशाची भुकटी गेली होती. पुढचा प्रवास सर्व्हिस मोटारीने करायचा होता. माझा थोरला भाऊ सडक-बांधणीचा ओव्हरसियर. त्या थंडीत त्याचा मुक्काम शेलूबाजारात होता आणि मी शिकवते त्या शाळेच्या नाताळच्या सुट्टीत मी पुण्याहून त्याच्याकडे निघाले होते. "वऱ्हाडात पाहण्यासारखं काय आहे? कापूस!" असं मैत्रिणी म्हणाल्या, म्हणून तर मुद्दाम निघाले. नको म्हटलं की माझे पाय आधी उचलतात.

शेलूबाजार थोडं उरलं असताना मोटारीच्या तोंडातून वाफ आली आणि ती बसली. ड्रायव्हर डबडं घेऊन पाणी शोधायला गेला तो गेलाच. आम्ही उतारू पळसाखाली बसून राहिलो. एवढ्यात रुप्याच्या दागिन्यांचा खळखळाट आला आणि त्यामागून बायांची रांग आली. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या, आरशांचे तुकडे जडवलेले लाल घागरे, दंडापर्यंत पांढरी बलोती (बांगड्या). त्या लमाणी, म्हणजे बंजारा बाया होत्या. सगळ्यांत पुढची म्हातारी माझ्यासमोर थांबली. मानेवरची मोळी जराही न हलवता तिने विचारलं, "काहून बसली व बाई? मोटर मेली काय?"

"मेली नाही, तहानली आहे," मी म्हटलं.

"मंग तिले पिऊ दे पानी. तू चाल आमच्यासंग. पाय हायेत ना तुले?"

असल्या प्रश्नाला उत्तर काय देणार? तिने माझी पिशवी हातातून ओढून मोळीवर टाकली आणि मी मुकाट्याने मागून निघाले. तिचं नाव जमनी. शेलूबाजारापर्यंतच्या वाटेत तिने माझं वय, पगार, आईबाप आणि लग्न न करण्याचं कारण एवढं सगळं काढून घेतलं. मला तिच्याकडून एवढंच कळलं की यंदा हंगाम लवकर सरला, शेतात मजुरी नाही. आता होळीपर्यंत तांड्यातल्या (वस्तीतल्या) चुली या मोळ्यांवरच पेटणार. मोळी बाजारात गेली तर ज्वारी, नाहीतर उपास.

दादा एका मारवाडी सेठजींच्या बैठकीच्या खोलीत राहत होता. कापसाचे व्यापारी म्हटल्यावर मी गोल पोटाच्या गृहस्थाची कल्पना करून ठेवली होती. प्रत्यक्षात सेठजी काडीसारखे बारीक आणि घाबरट होते. ते तिखट खात नसत आणि दर वाक्यानंतर आतल्या दाराकडे पाहत. आत त्यांच्या आई होत्या. त्यांना सगळी गल्ली माजी म्हणे. मी बाई असल्यामुळे मला तो आतला दरवाजा लगेच उघडला. दादाला तो इतक्या दिवसांत उघडला नव्हता.

माजी उंच, गोऱ्या, कडक. त्यांनीही माझं लग्न काढलंच. "एकट्या बाईमानसानं मोटरीत बसाचं? तुमच्या इकडच्या लोकाइची कमाल हाय!" असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात तुपाने निथळणारी बाटी (शेणीच्या विस्तवात भाजलेला गव्हाचा गोळा) ठेवली. वाढत होती त्यांची सून, म्हणजे सेठजींची बायको, केसर. नाकाच्या खाली ओढलेल्या घुंगटातून (पदरातून) तिचं मला काहीच दिसलं नाही. दिसले ते हात, दंडापर्यंत पांढरा हस्तिदंती चुडा भरलेले. आणि सातव्या महिन्याचं पोट.

माझा हात ताटात थांबला. असेच पांढरे दंड मी तासाभरापूर्वी रस्त्यावर पाहिले होते. तिकडे ते हाडाचे असतील, इकडे हस्तिदंताचे, पण घडण तीच. सेठजींना विचारलं तर म्हणाले, "आमी मारवाडचे. ते लमान लोकंही सोताले मारवाडचेच म्हनतात. पन त्याइचं आमचं काय?" झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. एकाच मुलखातून दोन माणसं एकाच बाजारात येतात आणि एकाच्या ताटात तूप, दुसऱ्याच्या डोक्यावर मोळी. हे घडतं कसं?

सेठजींनी आपल्याकडचं मोकळेपणाने सांगितलं. त्यांचे आजोबा आले ते जवळपास पायीच. आले ते जातभाईच्या दुकानात. तिथे बासा असे, म्हणजे गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला जेवण देणारी सामायिक चूल. नवा माणूस तिथे जेवायचा, दुकान झाडायचा, भाव शिकायचा. मग कोणीतरी जामीन राहायचं आणि शेजारच्या गावात त्याची स्वतःची गादी (पेढी) पडायची. "रेल आली अन् मंबई आमच्या दाराशी आली," सेठजी म्हणाले. हे सांगताना मात्र ते आतल्या दाराकडे पाहायला विसरले.

दुसऱ्या दिवशी जमनीबरोबर तांड्यावर गेले. टेकडीच्या पायथ्याला कुडाच्या झोपड्या होत्या, पण अंगणं अशी सारवलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. तांड्याचा नाईक (मुखिया) खाटेवरून उठला आणि खाट मला दिली. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडायचा. पलटणी लढायला निघाल्या की यांचे बैल मागे, म्हणजे दोन्हीकडच्या सैन्याला भाकरी हेच पुरवणार.

"मग थांबलं कशाने?" मी विचारलं.

"रेल आली ना बाई," नाईक म्हणाला. "बैलाची पाठ रिकामी झाली. आमाले मालूम होतं फक्त चालाचं. थांबून काय कराचं, ते कोनी शिकवलंच नाई. जमीन आमी आलो तवा वाटून झालती. आता बाजारात चोरी झाली का शिपाई आधी इकडं येते."

जमनीने मला बाटी खायला बोलावलं तेव्हा कालच्या आठवणीने तोंडाला पाणी सुटलं. ताटात आली जाडजूड ज्वारीची भाकरी! इथे भाकरीलाच बाटी म्हणतात. वर लसूण-मिरचीचा ठेचा. मी सेठजींची आठवण काढत ते तिखट कसंबसं गिळलं आणि तांड्यातल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघून हसल्या. हसण्याला, भांडण्याला, बाजारात शिपायाशी हुज्जत घालायला इथल्या बाईला कोणाची परवानगी लागत नाही. हे मला फार आवडलं. तिच्या अंगावरच्या पोलक्याला ठिगळ कितवं ते मात्र ओळखता येत नव्हतं.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी हंबरडा फोडला. मी भाकरी टाकून धावले. दुसऱ्या तांड्यावरून आलेली एक बाई जमनीच्या गळ्यात पडली होती आणि दोघी सुरात, जवळजवळ गाण्यात, रडत होत्या. माझ्या डोळ्यांना धार लागली. मी शेजारणीला हळूच विचारलं, "कोण गेलं?" ती खो खो हसली. "जाते कोन? आली ते! तिची बहीन हाय." लमाणी बायांची ही रीत आहे. माहेरचं माणूस भेटलं की गळ्यात पडून रडायचं आणि त्या रडण्यातच मधल्या काळातली सारी सुखदुःखं सांगून टाकायची. रडणं संपलं की पाणी प्यायचं आणि गप्पा सुरू.

पुढे जे घडलं ते या रीतीमुळेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सेठजींच्या मागच्या अंगणात केसरपाशी बसले होते. जमनी मोळी घेऊन आली. माजी देवघरात असल्यामुळे केसरनेच आपल्या बोलीत मोळी कुठे टाकायची ते सांगितलं. जमनी चमकली. तिने लमाणी बोलीत काहीतरी विचारलं आणि केसरने घुंगट जरासा वर करून उत्तर दिलं. दोन्ही बोल्या चुलतबहिणींसारख्या. मला अर्ध्याहून कमी कळत होतं, त्यांना अडत नव्हतं. जमनीने तिचं पीहर (माहेर) विचारलं होतं. केसरने मारवाडातलं, नागौरकडचं गाव सांगितलं. जमनीच्या घराण्यातल्या गाण्यांत नागौरच्या विहिरी होत्या, त्यांवर पूर्वजांचे बैल पाणी पीत. म्हणजे ही पोर माहेरची! म्हातारीने हात पसरले, केसरला पोटाशी धरलं आणि मोठ्याने गळा काढला.

मारवाडी घरात रडण्याचा असा सूर एकाच वेळी निघतो, घरातलं कोणी गेलं तर. माजी देवघरातून आल्या आणि सुनेला कवटाळून रडणारी बाई पाहून मटकन खाली बसल्या. सुनेचा बाप गेला अशीच त्यांची समजूत झाली. त्यांनी पदर छातीपर्यंत ओढला आणि रडायला सुरुवात केली. तो आवाज ऐकून शेजारच्या घरातल्या बाया आल्या, पदर ओढून रांगेने बसल्या आणि त्याही रडू लागल्या. कोण गेलं हे विचारायची पद्धत नाही, आधी रडायचं असतं. सेठजींनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि पगडी काढून धावत आले. मी मध्ये उभी राहून "कोणी गेलेलं नाही हो! कोणी गेलेलं नाही!" असं ओरडत होते. पण मेलेल्याच्या घरी असं ओरडणाऱ्या बाईकडे कोण लक्ष देणार?

उलगडा झाल्यावर आधी मला हसू आलं. माजींचा चेहरा पाहिला आणि ते जिरलं. पोटुशी सून, पहिलं बाळंतपण आणि तिच्या गळ्यात पडून मेलेल्याचं रडणं! त्यांनी सुनेला आपल्या मागे ओढून घेतलं. राग होता, पण त्याखाली भीती होती आणि ती खरी होती. जमनीची मोळी अंगणाबाहेर गेली. "आजपासून लमानीन या गल्लीत पाय ठेवनार नाई," माजी म्हणाल्या. माजींनी म्हटलं की गल्लीने म्हटलं आणि बाजारातली निम्मी लाकडं या गल्लीतच खपत. जमनीने मोळी उचलून डोक्यावर घेतली. तिचं ते जाणं मला बघवेना.

मी माजींना समजावलं, सेठजींना समजावलं, दादाला मध्ये घातलं. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी तांड्याकडे गेले तर न खपलेल्या मोळ्या झोपड्यांना टेकवून ठेवलेल्या. बाया जमनीशी बोलत नव्हत्या. "माह्यामुळं साऱ्याइची भाकर गेली," जमनी म्हणाली. "पन पोरगी माहेरची हाय, बाई. तिले रडल्याबिगर कसं सोडाचं?"

निघण्याच्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. माझी दमणी (हलकी बैलगाडी) गल्लीत उभी होती. गल्लीच्या तोंडाशी लमाणी बाया मोळ्या घेऊन थांबल्या होत्या, आत येत नव्हत्या. जमनी सगळ्यांच्या मागे. मी माजींच्या पाया पडत होते एवढ्यात माझ्या बाजूने कोणीतरी उंबरा ओलांडला.

केसर होती. नवरी म्हणून या घरात आल्यापासून तिने पुढचा दरवाजा ओलांडला नव्हता. घुंगट पूर्ण ओढलेला, एक हात पोटावर. ती भर बाजाराच्या गर्दीतून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेली आणि जमनीच्या गळ्यात पडली. या वेळी रडली ती केसर. तिला त्या रडण्याचा सूर येत नव्हता, ती नुसती रडत होती आणि रडता रडता बोलत होती. आईचं, भावाचं, वाळूचं नाव येत होतं. जमनी तिला सूर लावून देत होती. लोक थांबून बघू लागले. सेठजी दुकानाच्या फळीला धरून उभे राहिले.

माजी ओट्यावरून खाली उतरल्या. आता सुनेला ओढत नेणार असं मला वाटलं आणि मीही मागोमाग गेले. माजींनी केसरचा दंड धरला. जमनीने वर पाहिलं. तिच्या जागी मी असते तर माफी मागितली असती. तिने विचारलं, "माजी, तुमचं पीहर कोनतं?"

माजींचा हात तसाच राहिला. मग त्यांनी एका गावाचं नाव घेतलं, अगदी हलक्या आवाजात, आणि त्यामागून एका तळ्याचं. सेठजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. ते मला म्हणाले, "हे नाव मी आजच आयकलं." जमनीने दुसरा हात उघडला. माजी त्यात गेल्या.

गल्लीतल्या बाया दारांत आल्या होत्या. या वेळी कोणी रांगेने बसलं नाही. थोड्या वेळाने माजींनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि नेहमीच्या कडक आवाजात म्हणाल्या, "मोळ्या मांगच्या दारी टाका. अन् पानी पिऊन जा साऱ्याजनी." माझी दमणी निघाली तेव्हा बाया एकामागून एक गल्लीत शिरत होत्या.

परतीच्या गाडीत मी या दोन समाजांची तुलना मनात मांडत बसले. एकाला पोचल्याबरोबर चूल आणि जामीन मिळाला, दुसऱ्याच्या हातचा धंदा रेल्वेने काढून घेतला. एकाकडे पैसा आला आणि बायका घरात कोंडल्या गेल्या. दुसऱ्याकडे बायका मोकळ्या राहिल्या, पण उपाशी. हे सगळं खरं आहे. त्या सकाळच्या रडण्याने लमाणांना जमीन मिळाली नाही आणि केसर पुन्हा घुंगट ओढून आत गेली, हेही खरं आहे.

पुण्याला पोचले. दादाची बायको, आमची वहिनी, दाराशी आली. "आलात वन्सं? हातपाय धुवा, पोहे टाकते." चौदा वर्षं मी तिच्या हातचे पोहे खाते आहे. ती कोकणातली एवढंच मला माहीत होतं.

"वहिनी," मी पायरीवरूनच विचारलं, "तुमचं माहेरचं गाव नक्की कसं आहे हो?"

ती पदराला हात पुसत होती. पुसता पुसता थांबली. "माझं? ते कशाला आता?" म्हणाली आणि दारातच खाली बसली. मीही तिच्याजवळ बसले. दिवेलागण झाली, मुलं भुकेने ओरडू लागली तरी ती सांगतच होती.