मजेत म्हणजे शून्य

माझ्या भावाशी माझं जितकं भांडण सॉफ्टवेअरवरून झालंय, तितकं शेताच्या बांधावरून झालं असतं तर आज आम्ही एकमेकांचं तोंड पाहत नसतो. पण सॉफ्टवेअरच्या भांडणाची एक गंमत असते. अर्धं काम एकाच्या लॅपटॉपवर, अर्धं दुसऱ्याच्या. त्यामुळे कितीही बिनसलं तरी जेवायला एकाच टेबलाशी बसावं लागतं.

टेबल अण्णांचं. अण्णा म्हणजे आमचे वडील, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. मी नांदेडला, भाऊ लातूरला आणि अण्णा मध्ये, अहमदपूरला, आई गेल्यापासून एकटे. मी लोहा गाव ओलांडून यायचे, तो चाकूरकडून यायचा, आणि रविवारी आम्ही त्यांच्या टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर ठेवून बसायचो.

कामाची सुरुवात नायगावकडच्या एका डाळमिलवाल्यानं करून दिली. मी डाळमिलच्या ऑफिसांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. वजनकाटा, आवक, जावक, सगळं विंडोजवर. भाऊ गोदामात बसवायचे छोटे डबे बनवतो, धान्यातली ओल आणि उष्णता मोजणारे. त्यांच्या पोटात विंडोजऐवजी लिनक्स. या मिलवाल्यानं दोन्ही घेतलं आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही सख्खे बहीणभाऊ. मग तुमच्या मशिनी एकमेकींशी का बोलून नाही राहिल्या?"

बोलत नव्हत्या हे खरं होतं. दोन कॉम्प्युटरना बोलायचं तर दोन्ही बाजूंना एकेक सॉकेट उघडावं लागतं. फोनसारखंच आहे ते. उचलायचं, जोडायचं, बोलायचं, ऐकायचं, ठेवायचं. पण विंडोजला फोन उचलायच्या आधी "आता मी फोन वापरणार आहे" असं वेगळं सांगावं लागतं, लिनक्सला लागत नाही. फोन ठेवायच्या फंक्शनचं, म्हणजे हुकमाचं, नाव दोन्हीकडे वेगळं. काही बिघडलं तर कारण कुठे विचारायचं, तेही वेगळं. आम्ही ठरवलं की सी भाषेत एक लायब्ररी लिहायची, म्हणजे दोघांच्याही प्रोग्रामांत बसेल असा सामायिक कोड. तिचं दार दोन्हीकडे अगदी सारखं दिसलं पाहिजे. आत काय धिंगाणा चाललाय ते वापरणाऱ्याच्या कानावरही जाता कामा नये.

भावाला फंक्शनं कमी हवी होती, मला जरा जास्त. लातूरच्या लोकांनी पाणी जपून वापरलंय, त्यामुळे ते फंक्शनंही जपून वापरतात, असं मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "हाव अक्का, तुमच्याकडं गोदावरी हाय ना, म्हणून तू एका कामाला चार फंक्शनं सोडून राहिलीस."

अण्णा आमच्या भांडणात पडत नसत. सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला करत, वर शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं पेरत, आणि मग आमच्या मागे खुर्ची टाकून पेपर उघडून बसत. त्यांना त्या कोडमधलं काही कळत नसे आणि कळून घ्यायचीही इच्छा नसे. त्यांना फक्त दोन्ही लेकरं एका खोलीत आरडाओरडा करताना हवी असत. मध्येच म्हणत, "भांडा, भांडा. घर भरल्यावानी वाटतंय."

बाकीचे दिवस फोन. मी विचारायचे, "अण्णा, कसे आहात?" ते म्हणायचे, "मजेत." भाऊ विचारायचा, त्यालाही "मजेत." सीमध्ये काम नीट झालं की फंक्शन बहुतेक वेळा शून्य परत करतं. भाऊ म्हणायचा, अण्णा कायम शून्य परत करतात. आम्ही हसायचो आणि आपापल्या कामाला लागायचो.

खरी ठिणगी पडली ती पहिली आवृत्ती मिलमध्ये बसवल्यावर. जोडणीचा भाग भावानं लिहिला होता. एके दुपारी गोदामातली लाइट गेली, त्याचा डबा बंद पडला आणि इकडे ऑफिसात माझं सॉफ्टवेअर एक ओळ छापून मिटून गेलं. काट्यावर तुरीचा भरलेला ट्रक उभा. मिलवाल्यानं मला फोन करून जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

रविवारी मी लॅपटॉप उघडायच्या आधी तोंड उघडलं. "गोदामातली लाइट गेली तर माझा वजनकाटा का मरतो रे?"

"चूक झाली की प्रोग्राम बंद करायचा, असं लिहिलंय मी. चूक झाल्यावर पुढं कशाला जायचं?"

"अरे, पण चूक किती मोठी, ते तू कोण ठरवणार? मला काटा चालवायचाय. डबा बोलत नाही एवढं मला सांग आणि गप्प बस. पुढचं माझं मी बघते."

"आणि तू बघितलंच न्हाईस तर?"

मी आवाज चढवला. अण्णांनी पेपरातून डोकं काढलं आणि चहा ठेवायला आत गेले.

जरा शांत झाल्यावर आम्ही एका गोष्टीवर राजी झालो: आधी चुका तरी नीट गोळा करू. एकच बिघाड दोन्ही लॅपटॉपवर मुद्दाम घडवायचा आणि काय उत्तर येतं ते बघायचं. समोरच्यानं फोन घेतलाच नाही, तर विंडोज एक आकडा सांगतं, लिनक्स भलताच. वायफाय मध्येच तोडलं, परत दोन वेगळे आकडे. बिघाड एकच, पण विचारणारा कोण यावर उत्तर ठरतं. मी ओळीत आकडे मांडत होते आणि प्रत्येक जोडीला आमचं स्वतःचं एक नाव देत होते.

भाऊ हसत म्हणाला, "हे तर अण्णांसारखं झालं. स्कूटर का विकली विचारलं तर मला म्हणाले, बाजार इथंच तर हाय, चालणं चांगलं."

"मला तर म्हणाले, किक मारताना गुडघा दुखतो."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मी विचारलं, "संध्याकाळी बसस्टँडवर मित्रांकडे जाणं का बंद केलं, तुला काय सांगितलं?"

"मित्र लई बोअर करतात."

"मला म्हणाले, डास चावतात."

तेवढ्यात अण्णा चहाचा ट्रे घेऊन आले आणि ट्रेची डावी कड दाराच्या चौकटीला लागली. चहा सांडला. गेल्या रविवारीही सांडला होता, त्याच बाजूला. आम्ही दार अरुंद आहे म्हणून सोडून दिलं होतं. ज्या दारातून ते उभा जन्म ये-जा करत होते, ते दार आता अरुंद कसं झालं, हे आम्हा दोन इंजिनियरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी उठून त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि कानाजवळ हात वर धरला. "अण्णा, माझा हात दिसतो का?"

"कुठं?" ते म्हणाले.

मी ट्रे त्यांच्या हातातून घेतला.

त्यांना सगळं माहीत होतं. गावातल्या डोळ्याच्या डॉक्टरला त्यांनी आधीच दाखवलं होतं. काचबिंदू. कडेची नजर जाते, गेलेली परत येत नाही, राहिलेली थेंबांनी राखायची. थेंबांची बाटली दाढीच्या सामानात ठेवलेली होती आणि ते रोज न चुकता घालत होते. स्कूटरवर असताना एकदा डावीकडून म्हैस आली, ती अंगावर येईस्तोवर दिसली नाही, म्हणून स्कूटर काढून टाकली, आणि तिन्हीसांजेला रस्ता धड दिसेना म्हणून बसस्टँडही सोडला. शहाण्या माणसानं करावं तसं सगळं त्यांनी केलं होतं. फक्त आम्हाला सांगितलं नव्हतं.

"का?" मी ओरडलेच. "आम्ही मेलो होतो का?"

त्यांनी सांडलेला चहा फडक्यानं पुसला. "तुम्हाला सांगितलं की घराला कुलूप लागतंय, माय."

ते खरं होतं. त्याआधी एकदा त्यांना चक्कर आली होती. तेव्हा भावानं तासाभरात गाडी काढली, त्यांना लातूरच्या फ्लॅटवर नेलं आणि अख्खा पावसाळा तिथे ठेवून घेतलं. सून जीव लावणारी, नातवंडं अंगाखांद्यावर. पण अण्णांना तिथे गच्चीवर उभं राहून रस्ता बघण्यापलीकडे काम नव्हतं. परत आले तेव्हा परसातली जाई वाळून गेली होती. ते काही बोलले नव्हते. त्यानंतर मात्र ते कायम मजेत असायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

इतकं ऐकूनही आम्ही काय केलं? मी म्हटलं, "ते काही नाही, आज माझ्यासोबत नांदेडला चला." भाऊ म्हणाला, "मोठे डोळ्याचे डॉक्टर लातूरला हायत, नांदेडला काय ठेवलंय?" मी म्हटलं, "लातूरला नेऊन काय झालं ते पाहिलं मागच्या वेळी." दोघांचे आवाज वाढले. नजर कुणाची, घर कुणाचं, आणि भांडतंय कोण!

अण्णा कप गोळा करत म्हणाले, "बघा. म्हणून सांगत न्हाई."

भावानं लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचे डोळे भरले होते. हलक्या आवाजात म्हणाला, "अक्का, माझं पहिलं व्हर्जन हावोत आपण दोघं."

मला त्याची चेष्टा करायची होती, जमली नाही. खरंच होतं ते. जो चूक ऐकताच अख्खा कारभार बंद करतो, त्याला चूक सांगायला कोण जाईल?

त्या रविवारी दोन गोष्टी ठरल्या. लायब्ररीत असं ठरलं की ती स्वतःहून प्रोग्राम कधीही बंद करणार नाही. बिघडलं तर कारण सांगेल, दोन्हीकडे एकाच नावानं, आणि थांबेल. काय करायचं ते वापरणारा ठरवेल. एक वेगळं नाव आम्ही "आत्ता नाही" या उत्तराला दिलं. सॉकेटकडे मागितलं आणि त्याच्याजवळ द्यायला काही नसलं, तर ते बिघडलेलं नसतं, नंतर परत विचारायचं असतं. भाऊ आधी त्यालाही चूक मानायचा.

घरात असं ठरलं की अण्णा खरं सांगतील आणि ते म्हणेपर्यंत आम्ही गाडी काढणार नाही. मोठ्या डॉक्टरला एकदा दाखवायचं त्यांनी कबूल केलं, पण कधी, असं विचारलं की "आत्ता न्हाई" म्हणायचे. मी नव्या नियमानं वागले. चूक मानली नाही, पुन्हा पुन्हा विचारत राहिले. दिवाळीनंतर ते स्वतः एसटीनं नांदेडला आले, तपासून घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. थेंब बदलले. बाकी डॉक्टरनं तेच सांगितलं.

लायब्ररी आता बऱ्याच मिलमध्ये चालते. गोदामातली लाइट गेली तर माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी ओळ येते आणि काटा चालू राहतो. भाऊ म्हणतो ती ओळ त्याची कल्पना होती. खोटं आहे, पण मी सोडून दिलंय.

आणि मग गेल्या महिन्यातला तो फोन. मंगळवार होता, मी ऑफिसात. अण्णा स्वतःहून कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत.

"काय करून राहिलीस?"

"काम. बोला ना, अण्णा."

"काही न्हाई. शाळेपुढं रस्ता ओलांडून राहिलो होतो. डाव्या अंगानं मोटरसायकल आली, ती दिसलीच न्हाई मला. पडलो. कोपर खरचटलं, बाकी धड हाय. घरी आलोय." मग म्हणाले, "येऊ नको. सांगून राहिलो फक्त."

गाडीची किल्ली माझ्या हातात आली होती. कधी उचलली ते आठवत नाही. मी उभी होते, पर्स खांद्याला होती. लोहा, मग पुढचा तो खड्ड्यांचा पट्टा, अहमदपूर, सगळा रस्ता डोळ्यांपुढून गेला.

मी म्हटलं, "बरं. मग काय केलंत?"

आणि ते बोलू लागले. मोटरसायकलवाला पोरगाच घाबरून रडकुंडीला आला, त्यालाच यांनी टपरीवर नेऊन चहा पाजला. तो त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा निघाला. मग त्यानं घरापर्यंत आणून सोडलं, हळद लावून दिली. आता रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवून बघायची सवय करायला पाहिजे, असं त्यांनी ठरवलंय. इतकं सलग ते माझ्याशी आई गेल्यापासून बोलले नव्हते. मी ऐकत होते आणि किल्ली मुठीत इतकी आवळली होती की तळहातावर तिचे दाते उमटले.

"बरं," ते शेवटी म्हणाले, "तुझं कसं चाललंय?"

"मजेत," मी म्हटलं.

मग मास्तरांच्या आवाजात, शाळेत खोटं उत्तर देणाऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "खरं सांग."

"अण्णा, मला लई भीती वाटून राहिली."

"मला पण," ते म्हणाले. "रविवारी या दोघं. सुशीला करतो."

मी किल्ली टेबलावर ठेवली आणि खाली बसले.