अमेरिकेचा इतिहास, तोंडपाठ

नागपूरच्या विमानतळावर तुम्ही तिघी मैत्रिणी इतक्या जोरात रडलात की मला रडायला जागाच उरली नाही. उलट मीच तुमची समजूत घालत बसले. बाबांना मिशिगनमध्ये गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली होती, म्हणून २००४ साली आम्ही तिथल्या नोव्हाय गावाला निघालो होतो. मी सोळा वर्षांची होते. आई येईल त्याला सांगत होती, "पोरगी खूप खूश आहे." तेव्हा मला तिचा जो राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

नोव्हायला पोचल्यावर शेजारच्या एका काकांनी बाबांच्या डोक्यात भरवलं की मुलीला एपी घ्यायला लावा, कॉलेजच्या पातळीचं शाळेतच शिकून होतं. झालं! बाबांनी शाळेच्या फॉर्मवर एपी यू. एस. हिस्ट्रीसमोर खूण केली. "इतिहासाला काय लागतं? पाठ केला की झालं." ज्या देशातला बाथरूमचा नळ सोडायला आम्हाला तीन दिवस लागले, त्याचा अख्खा इतिहास मी एका वर्षात शिकणार होते. तोही कॉलेजचा!

मग मी मला येत होतं तेच केलं. विटेएवढं जाड पुस्तक हातात धरून घरभर फेऱ्या मारत घोकायला लागले. आई भाजी चिरता चिरता "झालं का गं सिव्हिल वॉर?" असं विचारायची, जशी काही आंघोळच झाली का विचारतेय.

पहिला मोठा निबंध वर्गातच लिहायचा होता: लोक अमेरिकेत का आले आणि त्यांना काय मिळालं? बाप्पा, हा तर माझा पाठ झालेला धडा! समास आखला, मुद्द्यांखाली पट्टीने रेघा मारल्या आणि चार पानं स्वल्पविरामासकट उतरवली. पुढच्या आठवड्यात आमच्या बाई, मिसेस कोवाल्स्की, यांनी मला थांबवून घेतलं. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात माझा पेपर. शून्य मार्क आणि वर एक शब्द: प्लेजिअरिझम. मला तो एखादा आजार वाटला. डिक्शनरीत पाहिलं तर चोरी! कॉपी सिद्ध झाली तर विषय कॅन्सल आणि रेकॉर्डवर कायमचा शेरा. आयुष्यात कुणाची साधी पेन्सिल उचलली नव्हती मी.

बाबा सूट घालून शाळेत आले. मला वाटलं, माफी मागतील. ते अभिमानाने म्हणाले, "मॅडम, शी हॅज बाय-हार्टेड इट!"

"एक्स्क्यूज मी?" बाई म्हणाल्या.

"बाय-हार्टेड! टेस्ट हर!"

बाईंनी कुठलंतरी पान उघडून पहिली ओळ वाचली. पुढचं अर्धं पान मी घडाघडा म्हणून दाखवलं. बाईंनी पुस्तक मिटलं. चोरीचा आरोप मागे घेतला, पण शून्य तसंच ठेवलं. "हे सगळं पुस्तकाला माहीतच आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "व्हॉट डू यू थिंक?" पेपर पुन्हा लिहायला दोन दिवस दिले.

अहो बाई, मला काय वाटतं? आपल्याकडे 'तुमचे मत लिहा' असा प्रश्न असायचा, पण ते मतसुद्धा गाइडात छापलेलं असायचं! वर्गातल्या सगळ्या पोरींचं एकच मत आणि सगळ्यांना पाचपैकी पाच. आता मत आणू कुठून?

दोन संध्याकाळी नुसती खाडाखोड केली. जे लिहीन ते पुस्तकातलंच निघायचं. शेवटी डोकं सणकलं आणि लिहून टाकलं: लोक जमिनीसाठी आले, कामासाठी आले, स्वातंत्र्यासाठी आले. मी आले, कारण बाबा आले. मला कुणी विचारलं नाही. पुढचं दीड पान एका दमात लिहिलं, त्यात एकही रेघ मारली नाही.

बी मायनस मिळाला, आणि खाली पालकांची सही हवी होती. बाबांनी ओट्याशी उभ्यानेच वाचलं. दोनदा.

"इतकं मनात होतं तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"काय लिहिलंय तिने?" आईने विचारलं. बाबांनी तिला एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं, काहीही न गाळता. आईने गॅस बंद केला. बाबा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आता विचारतो. परत जायचंय तुला?"

मला वाटलं होतं, तोंडातून 'हो'च येईल. आलं ते "माहीत नाही."

"बरं. कळलं की सांग," म्हणून त्यांनी सही केली.

याला चार वर्षं झाली. मी आता इथल्याच कॉलेजात आहे, हॉस्टेलवर राहते. तुम्ही फोनवर विचारता ना, तुझं घर आता तिकडेच का गं? खरंच सांगते, मला अजून कळलेलं नाही. बाबा मात्र दर सुट्टीत, मी बॅग खाली ठेवायच्या आत विचारतात, "कळलं का?" इतका वैताग येतो म्हणून सांगू! पण गेल्या सुट्टीत ते कामावर होते. बॅग दारात ठेवून मी ते येईपर्यंत तशीच बसून राहिले, कारण ते विचारेपर्यंत मी घरी आलेय असं मला वाटेचना.