दोन्हीकडचा बाण

बारावीच्या पोरांना मी दरवर्षी एकच गोष्ट ओरडून सांगतो: समतोल म्हणजे क्रिया थांबली असं लिहाल, तर शून्य देईन. इथिलीन वायू अन् पाणी मिळून अल्कोहोल होतं, त्याच वेळी अल्कोहोल मोडून पुन्हा वायू अन् पाणी होतं. दोन्हीकडे सारख्याच वेगानं चाललेलं असतं, म्हणून बाहेरून सगळं शांत दिसतं. फळ्यावर त्यासाठी दोन्हीकडचा बाण काढतात. पोरं मुंड्या हलवतात अन् पेपरात हमखास 'थांबली' लिहून येतात. डोकं फिरतं माझं.

माझा मोठा भाऊ दारूनं गेला. मालेगावच्या रस्त्याला, घरामागं, त्यानं केळी पिकवायची खोली बांधली होती. तो गेल्यावर ती खोली वहिनी चालवू लागली. केळी पिकवायला लागतो तो हाच इथिलीन वायू, अन् खोलीतलं यंत्र तो स्पिरिटपासून, म्हणजे अल्कोहोलपासूनच, करतं. म्हणजे पुस्तकातल्या बाणाची उलटी बाजू आमच्या घरामागं रोजच चालायची.

पहिल्यांदा मी चरकलो ते तिला स्पिरिट ओतताना ऐकून. बाटली यंत्रात रिकामी करत ती हळूच म्हणाली, "घ्या. पन आज एवढीच हं." भावाच्या ताटापाशी, त्याचा गिलास भरताना, हेच शब्द तिच्या तोंडून मी कितीदा ऐकले होते! अंगावर सर्रकन काटा आला. ती मात्र मागं वळून सहज हसली अन् चहा टाकू का म्हणाली.

मग एकदा तिनं विचारलं, "भाऊजी, या दारूचा गॅस होते, तं गॅसची फिरून दारू होते काय?"

झालं! मास्तराला आणखी काय पाहिजे? "होते नं वहिनी! कारखान्यात करतेतच. मोठी भट्टी लागते, दाब लागते, आम्ल लागते. अन् पानी वाढोलं का गाडी दारूकडं सरकते."

"पन होते," ती म्हणाली.

"होते. पन आपल्या खोलीत नाही."

हे शेवटचं तिनं ऐकलं, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतर खोलीचं दार जास्तच वेळ बंद राहू लागलं. केळीसुद्धा श्वास घेतात. बंद खोलीतली हवा खराब होते, माणसाला गुंगी येते. म्हणून मधूनमधून दार उघडून हवा बदलायची असते अन् आत कोणी बसायचं नसतं. हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

एका दुपारी कॉलेजातून आलो तर घरात सामसूम. खोलीबाहेर वहिनीच्या चपला अन् दार आतून लावलेलं. "वहिनी! अवं वहिनी!" आतून हूं की चूं नाही.  दारावर लाथा घालत सुटलो, तेव्हा कडी निखळली.

आत क्रेटच्या रांगांमध्ये जिथं जागा मिळाली तिथं पाणी ठेवलं होतं. बादल्या, गंज, पराती, देवाजवळचा तांब्यासुद्धा. सगळं काठोकाठ भरलेलं अन् कशावरही साधा तरंग नाही. मधोमध वहिनी भिंतीला टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठ निळसर, चेहऱ्यावर हसू. समोर भावाचा स्टीलचा गिलास ठेवलेला.

काखेत हात घालून मी तिला ओढत ओसरीवर आणलं. तोंडावर पाणी मारलं, गाल थोपटले. "काहून असं केलं, वहिनी? मरायचं होतं काय तुमाले?" मी रडत होतो अन् तोंडानं शिव्याही देत होतो. बऱ्याच वेळानं तिनं एकदम मोठा श्वास ओढला, डोळे उघडले. मला पाहिलं अन् चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"थे येऊन राह्यले होते, भाऊजी. वास सुटला होता. दारूचा, अन् वरून तंबाखूचा. तुमी कायले दार उघडलं?"

स्पिरिट सांडलं असेल, असं मी तिला म्हणालो. सांडलंही असेल. पण घरात तंबाखू खाणारा एकच माणूस होता, माझा भाऊ. खोलीची किल्ली आता माझ्याकडे असते, वहिनीला मी एकटीला आत जाऊ देत नाही. ती भांडते, मी ऐकत नाही. तिला मी अजून सांगितलेलं नाही की दार उघडलं तेव्हा तो तंबाखूचा वास मलाही आला होता.