मोहिते वहिनींची ओतीव गोळी

शुक्रवारी सकाळी बहरीनमधली आम्ही मराठी मंडळी सुट्टीची झोप काढत असू, तेव्हा मोहिते वहिनी नेमबाजीच्या मैदानावर, लक्ष्यामागच्या ढिगाऱ्यातली वाळू चाळत बसलेल्या असत. हातात पिठाची चाळण, पदर कमरेला खोचलेला आणि डोक्यावर नवऱ्याची हॅट. चाळणीत उरत ते शिशाचे चपटलेले तुकडे. लोकांनी झाडलेल्या गोळ्या वेचायच्या, वितळवायच्या आणि साच्यात ओतून आपल्या गोळ्या करायच्या, हा बाईंचा उद्योग. मागच्या वर्षी त्या गेल्या. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना हे सगळं थापा वाटतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मोहितेसाहेब एका कारखान्यात इंजिनियर, मी बँकेत, आणि आमची घरं अदलिया नावाच्या वस्तीत एका भिंतीला लागून. नेमबाजीचा क्लब इंग्रजांचा. तिथे बायकांच्या हाती फक्त छोटी रायफल देत. भिंतीवर मात्र महायुद्धातली एक जुनी लष्करी रायफल टांगलेली होती. बार उडाला की त्याच्याच दाबावर रिकामं काडतूस बाहेर फेकून पुढचं आपोआप आत घेणारी. तिची काडतुसं यायची बंद झाली होती, म्हणून ती नुसती शोभेला. क्लबचे सेक्रेटरी हॅरिस यांना वहिनींनी सांगितलं, जुन्या रायफलींच्या वार्षिक सामन्यात मी ही चालवणार. हॅरिस हसले. घरी ओतलेल्या शिशावर ही चालत नाही, आणि अडकलेलं काडतूस काढायला बोल्ट हातानं ओढला तर नियमानं बाद, असं ते म्हणाले.

"अँड इफ शी रन्स?" वहिनींनी रायफलीकडे बोट दाखवून विचारलं.

"मग रांगेत उभ्या राहा," हॅरिस म्हणाले. बोलून गेले बिचारे.

वहिनी कोल्हापूरकडच्या, वडील फौजेत सुभेदार. घरातल्या बंदुकीचा बार भावानं उडवायचा आणि नळी हिनं पुसायची, अशी वाटणी. "लगीन होईस्तोवर चिंदी मारली, भावजी. आता बार मारणार," एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. पुढे मी कधी कारण विचारलं नाही.

बंदुकीची दारू आणि भरायला जुनी रिकामी काडतुसं क्लबच्या कोठारातून हॅरिसच्या देखरेखीखाली मिळत आणि ओतकाम मैदानामागच्या उघड्या पत्र्याखाली चुलीवर चाले. त्या चुलीवर मला एकदा चहा ठेवावासा वाटला, तर वहिनींनी भांडं हिसकावून घेतलं. "शिसं पोटात घालून घेताय व्हय?" पण गोळी काही जमेना. दारू कमी पडली की बार फुसका आणि काडतूस बाहेर पडेना. वाढवली की मऊ शिसं नळीतच खरवडलं जाई आणि गोळी लक्ष्यावर आडवी आपटे. दर वेळी वहिनी नळी साफ करत आणि म्हणत, "पाक कच्चा हाय. कच्च्या पाकाचा लाडू वळतोय का कधी?" म्हणजे शिसं कडक हवं.

त्या कडक शिशासाठी मी त्यांना बाब अल बहरीन या वेशीमागच्या गल्लीत एका भंगारवाल्याकडे नेलं. शिशाला अरबीत रसास म्हणतात, हे वहिनी शेजारणीकडून शिकून आल्या होत्या. त्याच शब्दाचा अर्थ बंदुकीची गोळी असाही होतो, हे शेजारणीनं सांगितलं नव्हतं. वहिनी दुकानात शिरल्या, म्हाताऱ्यापुढे रिकामं काडतूस ठेवलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "अबी रसास. वाजिद रसास." मला गोळ्या पाहिजेत, पुष्कळ पाहिजेत. म्हाताऱ्यानं एकदा काडतुसाकडे पाहिलं, एकदा साडीकडे, आणि पोराला पोलीस आणायला पिटाळलं.

आम्हा दोघांना पोलीस ठाण्यात नेलं. व्हिसा जाणार, नोकरी जाणार, गावाला काय सांगू, सगळं डोळ्यांसमोर आलं. वहिनींनी समोरची पेन्सिल उचलली. "आमच्यात हिला शिसपेन्सिल म्हणत्यात. तुमच्यात?" त्यांनी हिंदी-मराठीची खिचडी करून विचारलं. हवालदार बलुची होता, त्याला हिंदी कळे. "कलम रसास," तो म्हणाला, आणि मग त्याचीच ट्यूब पेटली. "अरे, बाई को सीसा चाहिए!" ठाणं हसलं, पण सोडवायला हॅरिसना यावं लागलं, आणि ते अजिबात हसले नाहीत. क्लबच्या कमिटीनं बजावलं की सामन्याआधी एकदा सगळ्यांसमोर रायफल चालवून दाखवा, नाहीतर ओतकाम कायमचं बंद.

भंगारवाल्याला मात्र ओशाळल्यासारखं झालं. त्यानं छापखान्यातले अरबी अक्षरांचे जुने खिळे काढून दिले. ते शिसं कडक असतं. वहिनींनी ते लगेच घेतले नाहीत. यानं काय छापत होते, कुराण तर नाही ना, हे दोनदा विचारलं. बिलबुकं छापायचे, असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा घेतले. तरी वितळवण्याआधी त्यांनी हात जोडले. "अक्षर हाय. कुणाचं का असंना."

कमिटीसमोर सगळी काडतुसं धडाधड उडाली आणि शेवटचं अडकलं. हॅरिस मनानं वाईट नव्हते. ते हळूच म्हणाले, "ओढा बोल्ट, मी पाहिलं नाही." वहिनींनी रायफल खाली ठेवली. "मी बघितलं की," त्या म्हणाल्या आणि आणखी एक शुक्रवार मागून घेतला. हॅरिसनी तो कमिटीकडून मिळवून दिला. त्या शुक्रवारी एकही अडकलं नाही.

सामन्यात वहिनींचा नंबर खालून मोजायला सोपा पडला, हे आधीच सांगून टाकतो. पण मला आठवते ती त्याआधीची गोष्ट. मोहितेसाहेबांची पँट घालून वहिनी सगळ्यांबरोबर रांगेत पालथ्या पडल्या होत्या. मागे उभे राहून हॅरिसनी दरवर्षीची आज्ञा दिली, "जंटलमेन, लोड." सगळ्या रायफली खटाखट भरल्या गेल्या. वहिनींनी काडतुसांना हातही लावला नाही.

"मिसेस मोहिते, काही अडचण?" हॅरिसनी विचारलं.

"यू डिड नॉट टेल मी," वहिनी मान न वळवता म्हणाल्या.

सगळी रांग थांबली. माझ्या शेजारी मोहितेसाहेब बुटांकडे बघत होते. हॅरिसांचा चेहरा लाल झाला, मग त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं आज्ञा दिली.

"लेडी अँड जंटलमेन, लोड."

वहिनींनी काडतुसं आत दाबली.