पुढच्या खोलीतला कापूस

माझी पत्रकारिता दारव्ह्याच्या कापूस बाजारात सुरू झाली. गाड्यांच्या रांगेत हिंडून भाव विचारायचे आणि यवतमाळच्या पेपरला फोनवर कळवायचे, एवढंच काम. पुढे नागपूर, मग मुंबई, शेवटी दिल्ली. कापसापासून जसजसा लांब गेलो तसतसा कापसाचा जाणकार ठरत गेलो. आयातशुल्क, हमीभाव यांवर असे लेख लिहिले की छापून आल्यावर मलाच ते दोनदा वाचावे लागत.

आमच्या गावी, बोरी अरबला, बाबा ते एकदाच वाचत आणि सलूनमध्ये सांगत, "आमचा पोरगा मंत्र्याच्या शेजारी बसते." मी बसायचो पत्रकार परिषदेच्या मागच्या रांगेत, बहुतेक वेळा खांबाआड.

मी दिल्लीत असताना एका वर्षी कापसाचे भाव पडले. बाबांनी कापूस विकला नाही, पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला. घरात कापूस राहिला की अंगाला खाज सुटते, त्याचं आमच्याकडे कोणाला काही वाटत नाही. पण आईला दमा होता. तंतू उडायचे आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. मी फोनवर सांगितलं, "बाबा, विकून टाका. भाव नाही वाढत आता."

"समजलं, समजलं," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि आईला म्हणाले, "आता तं ठेवाचाच. फोनवर खरं सांगता येत नाही त्याले. सरकारी गोष्ट हाय ना बाप्पा."

हे मला नंतर आईनेच सांगितलं, खोकत खोकत. मी पुन्हा फोन केला, जरा चिडूनच. बाबांची खात्री आणखी पक्की झाली.

शेवटी गावी गेलो. आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिला दम लागायचा. बाबांनी बाहेरचं दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"आता सांग. इथं कोणी नाही."

"बाबा, मले खरंच काही माहीत नाही."

"माह्यापासून कायले लपवतं रे?"

"लपवत नाही. मंत्री माह्याशी बोलतही नाहीत. ते कागद वाटतात, मी ते सोपं करून लिहितो."

आतून आई म्हणाली, "याले घरात मीठ कुठं हाय ते माहीत नाही, देशाचं काय माहीत असन!" आणि स्वतःच हसली. हसण्याचा खोकला झाला. तो लवकर थांबेना.

बाबा उभेच राहिले. मग दार उघडून कापसासाठी गाडी सांगायला गेले.

कापूस पिवळा पडला होता. व्यापाऱ्याने नाक मुरडून घेतला. रिकामी खोली धुऊन काढली आणि खिडकीपाशी आईची खाट टाकली. तिथे तिला बरं वाटायचं. पण फार दिवस नाही. पोळ्याच्या आधी ती गेली.

त्यानंतर बाबा फोनवर एवढंच विचारत, जेवला का, दिल्लीत थंडी हाय का. कापसाचं कधीच नाही. पुढे एका वर्षी भाव खरोखर चढणार होते आणि त्या वेळी मला ते नक्की ठाऊक होतं. मी आपणहून सांगितलं.

"असन बाप्पा," ते म्हणाले. "मी तं यंदा कापूस लावलाच नाही. सगळं सोयाबीन हाय."