सगळ्यांच्या मागे चालणारे कंडक्टरकाका

आमचे कंडक्टरकाका माणसांना डोंगर दाखवायला न्यायचे आणि स्वतः सगळ्यांच्या मागे चालायचे. असला वाटाड्या पाहिलाय का कुठे? वाटाड्या म्हणजे पुढे, हातात काठी, ‘या माझ्यामागे’ म्हणणारा. हे आपले शेवटी, खांद्याला पाण्याची बाटली आणि दाढेखाली लवंग. पुढे कोण, तर जिची चाल सगळ्यात हळू ती. म्हणजे आमची गयाआजी, दोन्ही गुडघ्यांनी बेजार झालेली. ती थांबली की अख्खी रांग थांबायची. कुणी कुरकुर केली की काका म्हणायचे, “माझी हयात एस.टी.च्या मागच्या दारात गेली. कोण चढलं, कोण राहिलं, ते मागच्यालाच दिसतं. तुमी पुढं बघून चाला. उताराला मागं बघितलं की पाय घसरतो. मागं मी हाय.”

सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला आमचं गाव. काका रिटायर होऊन परत आले, तेव्हा शहरातली एक संस्था मोठ्या माणसांना रानात नेऊन शिकवायचं काम करत होती. काकाही त्यांच्यासोबत जायला लागले. त्या लोकांनी टोप्या वाटल्या, फोटो काढले आणि एक दिवस ते गाशा गुंडाळून निघून गेले. काकांनी मात्र दर रविवारची रानफेरी सोडली नाही. कुणी म्हणायचं, म्हाताऱ्याला काम नाही. काका हसायचे आणि बाटली भरायला उठायचे.

आम्ही बायका सुरुवातीला सरपणाची दोरी आणि विळा घेऊन जायचो. बाई दोरी घेऊन डोंगराकडे निघाली की कुणी काही विचारत नाही. नुसतीच रिकाम्या हाताने निघाली की अख्ख्या गावाच्या पोटात दुखतं. दोन-चार रविवार काकांनी बघून घेतलं. मग एकदा पायथ्याच्या बाभळीपाशी थांबले आणि म्हणाले, “या दोऱ्या इथं टांगा. जन्मभर वझं आणायलाच आलात व्हय या डोंगरावर? आज नुसतं या.” आम्ही दोऱ्या बाभळीला टांगल्या. माझं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती आणि डोंगराचा माथा मी तोवर पाहिलाही नव्हता. सरपण अर्ध्यावरच मिळतं ना! त्या दिवशी माथ्यावरून धरणाचं पाणी दिसलं आणि मी चक्क रडले. काका तोंड फिरवून लवंग चघळत बसले.

त्यांच्याकडून काही आयतं मिळायचं नाही. हा पक्षी कोणता, हे झाड कोणतं, या दगडात पांढरं चमकतंय ते काय, काहीही विचारा, उत्तर एकच. “मला ठाऊक न्हाई. तुमीच बघा अन् मला सांगा.” मग आमची भांडणं जुंपायची. माझ्या माहेरी, पुसेगावकडे, एका झाडाला एक नाव, तांड्यावरच्या बायकांच्या तोंडी दुसरंच. काका दोघींना झाडापाशी पिटाळायचे. पान चोळा, वास घ्या, साल बघा, किडे कुठले बसलेत ते बघा. तासभर हुज्जत घालून आम्ही झाडासकट एकमेकींना ओळखायला लागायचो. उतारावरच्या फाट्यावरही तेच. “कोणती वाट गावाकडं जाती? सांगा बरं.” गयाआजी पाण्याचा ओघळ बघून वाट सांगायची आणि काका मान डोलवायचे. काय मास्तर आहे, असं आम्हाला वाटायचं. शहाण्याच ना आम्ही!

माझा नवरा गेल्यावर शिवणयंत्र आणि चार भिंती एवढंच माझं राहिलं होतं. सहा दिवस लोकांची पोलकी शिवायची आणि सातव्या दिवशी माणसात यायचं. त्या रानफेरीने मला उभं ठेवलं, हे मी कुणापुढेही सांगेन. काका नसते तर मी केव्हाच खचले असते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही डोंगर उतरून पलीकडच्या तांड्यावर पोचलो. तुरीच्या ओल्या शेंगा उकडून ठेवल्या होत्या त्यांनी आमच्यासाठी. सगळ्या टेकल्या. गयाआजीने शेंगांचा पहिला वाटा काकांना द्यायला हात पुढे केला, तर काका नव्हते. मागे वाट मोकळी. कुणी शेवटचं कधी पाहिलं? कुणीच नाही. मागे बघायचं नाही, हीच तर शिकवण होती. आमच्यातली सुनीता म्हणाली, मुरमाच्या उतारावर खोकला ऐकला. दुसरी म्हणाली, तो खोकला माझाच होता.

त्या बाजूला डोंगर संपला की कालवा आहे आणि कालव्याला पाणी सोडलेलं. तांड्यावरचा प्रल्हाद मोटारसायकल घेऊन खालच्या रस्त्याने गेला, आम्ही बायका ओरडत वर. “काका, ओ काका!” घसा फुटला. प्रत्येक झुडपाखाली वाकून बघताना वाटायचं, इथे पडलेले दिसू नयेत, आणि दिसले नाहीत की वाटायचं, निदान इथे तरी असायचे. उन्हं कलायला लागली. मी नवस बोलणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी ज्याच्या-त्याच्या पाया पडायला तयार होते.

कालव्याच्या भरावावर सापडले. चपला हातात, पायांत काटे, आणि तोंड पाण्याकडे. मी धावत जाऊन दंड धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फार अदबीने विचारलं, “ताई, तुमी कोण्या गावच्या?”

घरी आणल्यावर मी काकूवर तुटून पडले. एवढं होतंय तर सांगायचं नाही का आम्हाला? काकू चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. “वरड तू. वरीस झालं, शोभा. संडासातून घरात यायची वाट चुकून राहिले हे. तुमाला सांगितलं असतं तर तुमी आला नसता. अन् तुमी आला नसता तर हे कवाच गेले असते. ऐतवार तेवढा कळतो त्यांना.”

म्हणजे वर्षभर फाट्यावर उभे राहून ‘तुमीच सांगा’ म्हणणारा माणूस खरंच वाट विचारत होता. ते शेवटी चालत होते म्हणून आमच्या पावलांवर घरी पोचत होते. आम्ही मात्र शिकवतायत म्हणून खूश. शिकवत तर तेही होतेच, आधीची सगळी वर्षं. शिकवणं कुठे संपलं आणि विसरणं कुठे सुरू झालं, हे मला अजून सांगता येत नाही.

हिंगोलीच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि गेलेलं परत येत नाही, हेही सांगितलं. त्यांचा पुण्याचा मुलगा आला. चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवतो, दाराला कुलूप राहील, असं म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं बिचाऱ्याचं. तो बाहेर गेल्यावर काकांनी माझा हात धरला. त्या घटकेला डोळे अगदी स्वच्छ होते. “शोभा, मला कोंडू देऊ नको. काही बी कर. कोंडलं की मी मेलो.” मी म्हणाले, “नाही कोंडू देत, काका.” आणि मुलाशी भांडून त्यांना गावात ठेवून घेतलं.

आम्ही वार वाटून घेतले. रोज दोघी जणी त्यांना फिरवायच्या, हात धरून. तो हात त्यांना सहन व्हायचा नाही. सगळी हयात दुसऱ्यांना चढवणारा-उतरवणारा माणूस. झिडकारायचे, शिव्या द्यायचे. डोळा चुकवून पळायचे. एकदा औंढ्याच्या रस्त्यावर ट्रकपुढे उभे सापडले. एकदा कालव्यात छातीइतक्या पाण्यात. त्या दिवशी त्यांना ओढताना काकू भरावावर आपटली आणि तिचं मनगट मोडलं. रानफेरी बंद पडली. बायका मला टाळायला लागल्या, कारण मी वार विचारायची. त्यांना तरी किती बोलायचं? प्रत्येकीला घर आहे, मजुरी आहे. मी माझ्या यंत्रावर बसून रडायची, शिवणीवर पाणी पडायचं, आणि काही म्हणता काही सुचायचं नाही.

परवा काकूला प्लास्टर दाखवायला हिंगोलीला न्यायचं होतं. प्रल्हाद जीप घेऊन दारात आलेला. गयाआजी ओट्यावर राखणीला बसली, पण काकांनी जोर केला तर ती काय करणार? काकू हळूच म्हणाली, “कडी लाव, बाई. मला लावता येत न्हाई या हातानं.” मी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

मी दार ओढलं आणि बाहेरून खालची कडी लावली. तेवढ्यात काका शेजारच्या खिडकीच्या गजांपाशी आले. “शोभा का?” महिन्याभराने माझं नाव त्यांच्या तोंडून आलं. मला वाटलं, आता ते मला माझा शब्द विचारणार. मी गजाला धरून म्हणाले, “काका, आम्ही दुपारच्याला येतोच.”

त्यांनी काकूच्या प्लास्टरकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “वरची बी लाव. खालची मला इथून हात घालून काढता येती.”

मी टाचा उंच करून वरची कडी लावली.