विमानतळाचे शिंगाडे

गोंदियाजवळची जुनी धावपट्टी माझ्या मामांच्या शेताला लागून होती. इंग्रजांनी लढाईसाठी केलेली ती पट्टी आमच्या लहानपणी गुरांच्या आणि धान वाळवणाऱ्यांच्या ताब्यात होती. दोन हजार सालानंतर कधीतरी तिच्यावर नवं डांबर पडलं, भोवती भिंत उठली, आणि गोंदियातला जो तो तासाभरात मुंबईला पोचू लागला. अर्थात पानठेल्यावर उभ्याउभ्या.

मामांना विमानाचं काहीच कौतुक नव्हतं. पिढ्यानपिढ्या तलाव खोदणाऱ्यांचं घराणं. त्यांनी ती काळीभोर पट्टी डोळे भरून पाहिली आणि मला विचारलं, "भाचेबुवा, एवढ्या डांबरावरचं पाणी कोनीकडे जाईल?"

मी भडकलो. "मामाजी, लोक विमानाची वाट पाहून राहिले आणि तुम्ही पाण्याची?"

"पाणी येते," मामा शांतपणे म्हणाले. "इमानाचं मले माहीत नाही."

पावसाळ्याआधी त्यांनी भिंतीबाहेरच्या मोरीपासून आपल्या बोडीपर्यंत, म्हणजे शेतातल्या तळ्यापर्यंत, नाली खोदून घेतली.

वर्षं गेली. शिकाऊ पायलटांची छोटी विमानं घिरट्या घालून तिथेच उतरत राहिली. मुंबईचं विमान मात्र पानठेल्यावरून काही हललं नाही. एका दिवाळीला मी नेहमीसारखा रेल्वेने, अर्धा रस्ता उभ्याने, गोंदियाला उतरलो. फलाटावर मामा हजर. त्यांनी बोडीतून काढलेल्या ओल्या शिंगाड्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

"घ्या भाचेबुवा. तुमच्या इमानतळाचे हायेत."